अत्यंत प्रिय मित्रा

वस्ताद मंगळवारी दुपारी गेले आणि बुधवार सकाळपासून कारकुनाला कुणी शिवी घातली नाही.

बसदुरुस्तीच्या त्या वर्कशॉपमध्ये कारकुनाची खोली अगदी दाराशी होती. हेड मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणत. सव्वीस वर्षं रोज आठच्या ठोक्याला ते खिडकीतून डोकं आत घालायचे, कारकुनाला एक ठेवणीतली शिवी हासडायचे आणि मगच कामाला लागायचे. कारकून मान वर न करता "नमस्कार" म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या तोंडून जन्मात अपशब्द गेला नव्हता. दारात बोट चेंगरलं तरी तो "अरेरे" म्हणे. आता आठ वाजले तरी खिडकी रिकामी राही आणि त्याला अगदी पोरकं वाटे. शिवीवाचून पोरकं वाटतंय, हे माणसानं सांगायचं तरी कुणाला?

शुक्रवारी चार वाजता शोकसभा ठरली. मुख्य कार्यालयातून मोठे साहेब येणार होते. वर्कशॉपच्या मॅनेजरांनी कारकुनाला बोलावून घेतलं.

"भाषण तुम्हीच करायचं. इथं धड तोंडाचा दुसरा आहे कोण? एकही वावगा शब्द नको."

"पण साहेब, वस्तादांबद्दल बोलायचं म्हणजे..."

"चांगलं तेवढं बोला."

कारकून वही घेऊन शेडभर फिरला. आठवणी काय, पोत्यानं मिळाल्या. पंचाईत एवढीच की प्रत्येक आठवणीत वस्ताद बोलत होते. कारकुनाला शब्दन् शब्द उतरवून घ्यायची सवय. वस्तादांना अपशब्दांबद्दल मिळालेले अकरा मेमोही त्यानंच टाइप केले होते आणि त्या मेमोंपायी वस्तादांची बढती तीनदा हुकली होती. त्यानं दोन कागद भरून काढले, मग लाल पेन घेऊन सगळ्या शिव्या खोडल्या. बहुतेक ठिकाणी उरलं ते एवढंच: ये. धर. पाना दे. घरी जा.

एवढ्यावर माणूस कसा उभा करणार? गाळलेल्या जागा भरणं भाग होतं. किरकोळ शिवी असेल तिथं त्यानं 'मित्रा' घातलं, मध्यम असेल तिथं 'प्रिय मित्रा', आणि ऐकणाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हाव्यात अशी असेल तिथं 'अत्यंत प्रिय मित्रा'.

साडेतीनला वस्तादांची बायको आली आणि त्याच्या खोलीत येऊन बसली.

"सगळे सांगतात, वस्ताद बोलायला लागले की हसून हसून पोट दुखायचं," ती म्हणाली. "माझ्या घरी ते बोलायचेच नाहीत हो. आलो. वाढ. झोपतो. एकतीस वर्षं हे तीनच शब्द. लग्न झाल्या झाल्या मीच बजावलं होतं, घरात घाणेरडं बोलायचं नाही म्हणून. त्यांनी तोंडालाच कुलूप घातलं."

कारकुनानं खिशातला भाषणाचा कागद आणखी आत सारला.

"मला अजून रडूसुद्धा आलेलं नाही. कुणासाठी रडू? तो माणूस इथं कसा बोलायचा, ते एकदा ऐकायचंय. तेवढ्यासाठी आलेय."

कारकुनाच्या खिशातल्या कागदावर तो माणूस शिल्लकच नव्हता. पण तेवढ्यात मोठे साहेब आले आणि सभा सुरू झाली.

शेडमधली एक बस बाहेर काढून तिथं बाकं मांडली होती. हत्यारांच्या टेबलावर वस्तादांचा फोटो होता. कारकुनानं कागद उघडला.

"कुणाला उशीर झाला की वस्ताद म्हणत, 'मित्रा, आता उगवलास?'"

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

"चुकीचा पाना हातात दिला की म्हणत, 'प्रिय मित्रा, डोळे घरी ठेवून आलास का?'"

खोकला शेडभर पसरला. फिटर मंडळी खाली माना घालून बसली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. कुठल्या मित्राच्या जागी मुळात काय होतं, हे तिथं प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मोठे साहेब मॅनेजरांकडे झुकून म्हणाले, "फारच सौजन्यशील गृहस्थ. असे लोक आता राहिले नाहीत." मॅनेजरांना मान हलवावी लागली. पहिल्या बाकावर वस्तादांची बायको मांडीवर हात ठेवून ऐकत होती. भलत्याच कुणाच्या सभेला येऊन बसल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

कारकून घाम पुसत पुढं वाचू लागला. "एकदा आपला एक फिटर बसखाली झोपून काम करत असताना जॅक सरकला. वस्तादांनी पाहिलं आणि ते ओरडले, 'अत्यंत प्रिय मित्रा...'"

तो फिटर दुसऱ्या बाकावरून उठून उभा राहिला. "असं ओरडले असते ना, तर आज तिथं माझा फोटो असता."

शेडमध्ये एकच हशा फुटला. मग शोकसभा आहे हे आठवून सगळे एकदम गप्प झाले.

"ती एक शिवी ऐकली की आम्ही हातातलं टाकून पळायचो," फिटर म्हणाला. "दुसऱ्या कशाला नाही. ती ते उगाच वापरायचे नाहीत."

"शिवी?" मोठे साहेब म्हणाले. मॅनेजर आपल्या बुटांकडे बघू लागले.

वस्तादांची बायको उठली, कारकुनापाशी आली आणि तिनं कागदात डोकावून पाहिलं.

"हे लाल पेनानं काय खोडलंय?"

"वहिनी, ते वाचण्याजोगं नाही."

"यात माझ्याबद्दल काही आहे?"

कारकुनाला तोंडावर खोटं बोलता येत नसे. "शेवटची ओळ. रोज डबा उघडताना म्हणायचे."

"वाचा."

"'मित्रा' घालून?"

"जसं बोलले तसं."

मॅनेजर डोळे वटारत होते. कारकुनाला सकाळची रिकामी खिडकी आठवली आणि त्यानं वाचून टाकलं. या बाईनं आपल्याला जगवलं आणि तिच्यासमोर गेलं की आपल्याला एक शब्द सुचत नाही, असं ते वाक्य होतं. त्यात तीन शिव्या होत्या. एक डब्याला, एक स्वतःला, एक नशिबाला, आणि तिन्ही अत्यंत प्रिय मित्रांपैकी. कारकुनानं एकही गाळली नाही. आवाज मात्र चिरकला.

"जरा पोटातून," मागून फिटर हळूच म्हणाला.

"परत एकदा," वस्तादांची बायको म्हणाली.

कारकुनानं पोटातून वाचलं. तिनं नीट ऐकून घेतलं, ती फोटोकडे वळली आणि वस्ताद स्वतःला घालायचे ती मधली शिवी तिनं जशीच्या तशी त्यांना घातली.

"एकदा माझं ऐकलं नसतंत," ती म्हणाली, "तर काय बिघडलं असतं?"

आणि मग तिला रडू आलं. ती बराच वेळ रडत होती, आणि मोठ्या साहेबांसकट कुणीही जागचं हललं नाही.

सोमवारी सकाळी मेमो निघाला. शोकसभेत अपशब्द उच्चारल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. मॅनेजरांनी मजकूर सांगितला, कारकुनानंच तो टाइप केला, कारकुनालाच दिला आणि कारकुनाकडूनच पोच घेतली. 'अपशब्द' नावाची एकच फाइल होती. तिच्यात वस्तादांचे अकरा मेमो होते आणि अकरा खुलासे. दर वेळी वस्ताद तोंडी दोनच शब्दांचं शिवराळ उत्तर द्यायचे, तेच ते. कारकून त्याचं 'यापुढे काळजी घेईन' असं करून टाइप करायचा आणि त्यांची सही घ्यायचा.

त्यानं बारावा खुलासा टाइप केला. यापुढे काळजी घेईन. आठ वाजून गेले होते, खिडकीत कुणी नव्हतं. त्यानं वस्तादांचं ते दोन शब्दांचं उत्तर एकदा मोठ्यानं, पोटातून म्हणून घेतलं आणि मग खाली सही केली.