अर्धी कॉईल

“शाहनवाज, उचल ती आपली गॅसची टाकी आन् आण्णांच्या घरात नेऊन ठेव! त्यांची संपलीय. त्यांच्यात पाव्हणं आल्यात!”

“कशाला, अम्मी? त्यांच्यात विजेची शेगडी हाय की! मी हाय की!”

“तू हायस म्हणूनच म्हणतीय!”

झालं! डोस्कं सणकलं. शाळा सोडली म्हणून अक्कलबी तिथंच ठेवून आलो व्हय? नववीत सरांशी भांडून दप्तर उचललं, ते खरं. पण विजेचं मला सगळं कळतं. कारण शिकवलंय सुंदरीअक्कानं! शेजारच्या बाहुबली आण्णांची पोरगी, माधवनगरातच शाळेत विज्ञान शिकवती. अजून गावभर सांगती, “आमचा शाहू लय हुशार, नुसता तापट हाय.”

त्या दिवशी तिलाच बघायला पाव्हणं आलेले. आता जैनांचं जेवण म्हंजे सूर्य बुडायच्या आत. बुडाला की ही माणसं पाण्याचा घोटबी घेत न्हाईत. सूर्य सातला बुडणार, आन् पावणेसहाला पुरण शिजलं न् शिजलं तवर गॅसची टाकी संपली! भात, आमटी, पोळ्या, सगळंच राह्यलेलं.

मी पक्कड घेऊन कुंपणावरनं उडी टाकली ती थेट काकींच्या, म्हंजे अक्काच्या आईच्या, स्वयंपाकघरात. माळ्यावरची कॉईलची शेगडी काढली. खाली लिहिलेलं, दोन हजार वॅट. भिंतीवरचा प्लग पाच अँपिअरचा.

“काकी, थांबा! हिशोबाशिवाय वीज लावायची नसती!”

कॅलेंडरवर पेन्सिलीनं मांडलं. दोन हजार भागिले दोनशे तीस व्होल्ट. आठ पॉइंट सात अँपिअर! प्लगला झेपणार न्हाई. मग कॉईल अर्धी कापायची. अर्धी कॉईल, अर्धा करंट. चार पॉइंट पस्तीस!

वायरमननं फुकटात मीटर बसवून दिल्यावानी काकी माझ्याकडं बघाय लागल्या.

आतल्या खोलीतनं निऱ्या धरूनच अक्का ओरडली, “शाहू, रेझिस्टन्स काढलास का रं?”

“काढला!”

खोटं! कशाला काढायचा? अर्धी भाकरी, अर्धं पोट. त्यात काय काढायचं?

कॉईल कापून परत जोडेस्तवर साडेसहा वाजले. बटण दाबलं. कॉईल लाल झाली. मग केशरी झाली. मग पांढरी!

“अगंबाई, गॅसपेक्षा जोरात!” काकींनी पोळी टाकली. वरनं कच्ची, खालनं डांबर! तवर रबराचा वास आला. प्लग मेणावानी वितळला, तारांला तारा चिकटल्या आन् धडाम!

घरातल्या फ्यूजात आण्णांनी जाड तार कोंबलेली. तो कशाला उडतोय! उडाला खांबावरचा. अख्खी गल्ली बंद! दिवसभर खटाखट चाललेले गल्लीतले यंत्रमाग एकदम चिडीचूप. इतकं शांत, की सोप्यातल्या पाव्हण्यांची पोटं वाजलेली ऐकाय आली!

अम्मी धावत आली, टाकी कमरेवर, जसं काय कुणाचं लेकरूच. गॅस पेटला, आमटीला उकळी फुटाय लागली, आन् बघायला आलेल्या पोराची आज्जी, चंदनबाला आज्जी, पायरीवर बसून मावळतीकडं बघत व्हती. तिनं हात जोडले.

“बुडाला.”

आण्णा ताटं मांडत व्हते. ते तसंच उभे राह्यले, हातात रिकामं ताट घेऊन.

आज्जीनं अक्काला जवळ बोलावलं. “पोरी, शाळंत काय शिकवतीस गं?”

“विज्ञान, आज्जी.”

“आन् शेगडी लावली ती ह्यानं?” माझ्याकडं बोट. “ह्याला कुणी शिकवलं?”

अक्कानं मान खाली घातली. “मीच.”

मला वाटलं, खांबावरच्या फ्यूजाबरं आपणबी उडालो असतो तर बरं झालं असतं! डोळ्याम्होरं नुसती फरशी. एरवी कुणी बोट दाखवलं की मी हात उगारतो. त्या दिवशी हातच न्हाई उचलला.

नवरा मुलगा, सम्मेद, हळूच म्हणाला, “तार अर्धी केली तर रेझिस्टन्सबी अर्धा व्हतोय न्हवं?”

अक्कानं पेन्सिल माझ्या हातात दिली. ओरडली न्हाई. ओरडली असती तर बरं!

“कर.”

केलं. सगळ्या उपाशी माणसांम्होरं, त्याच कॅलेंडरवर. दोनशे तीस भागिले आठ पॉइंट सात, सव्वीस पॉइंट चार ओहम. अर्धे केले, तेरा पॉइंट दोन. दोनशे तीस भागिले तेरा पॉइंट दोन, सतरा पॉइंट चार अँपिअर. गुणिले दोनशे तीस...

चार हजार! दोन हजाराची शेगडी मी चार हजाराची केलेली!

“बरोबर,” अक्का म्हणाली. तिचं ‘बरोबर’ आधी पेढ्यावानी गोड लागायचं.

उठताना आज्जी आण्णांला म्हणाली, “उपाशी पोटीबी शिकवती तुमची पोरगी. रविवारी परत येतो आमी. पण आवं, टाक्या दोन भरून ठेवा, आन् हे पोरगं सूर्य बुडेस्तवर गावात नको!”

आज रविवार. मी स्टँडवर. तासगावला मामूच्या बेदाण्याच्या शेडवर धाडलंय. मामूचा फोन आलता, “ये बाबा, पण पक्कड ठेवून ये.” पक्कड अम्मीनं काढून घेतलीच हाय. खिशात कापलेली अर्धी कॉईल तेवढी हाय. तेरा पॉइंट दोन ओहम. मामूच्या शेडात म्हणं पाणी तापवायला काय...

न्हाई! न्हाई! यष्टी लागली, कंडक्टर वरडतोय. जातो.