केसोपंत कोठावळे यांनी निरोपाची शाल परत केली, त्याची हकीकत

श्रीलक्ष्मीनारायण साक्ष. चातुर्मासाचा नेम धरून, तुळशीस पाणी घालून, मग ही अक्षरे काढिली. नेमात असत्य लिहू नये, म्हणोन घडले तेच लिहिले आहे.

शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर. ते समयी एक राज्य होते. राजे धर्मशील, प्रजा सोवळी, आणि चाकराची साठी भरली की दरबारी शाल देऊन निरोप द्यावा, मग त्याने काशीस जावे, ऐसी तेथील चाल. आजवर अकरा जण गेले, एकही माघारा आला नाही, म्हणोन त्या राज्याच्या पुण्याचा डंका दूरवर वाजत होता. म्हातारपणाची तरतूद म्हणाल तर तीही धर्माचीच. अक्षय तृतीयेस प्रत्येकाने वीस रुपये घड्यात घालून परसात पुरावे, त्या दिवशी ठेविले ते क्षय पावत नाही, आणि पुरलेले मधेच उकरून पाहणे म्हणजे देवाचा अविश्वास करणे, ऐसी सर्वांची समजूत. आमचीही तीच होती, खोटे कशाला बोला.

सरकारी धान्यकोठीवर केसोपंत कोठावळे म्हणोन होते. एकतीस वर्षे चाकरी केली, दर महिन्याच्या पहिल्या दिवशी तांदुळाचा भाव वहीत लिहावा हे त्यांचे काम, आणि अक्षर ऐसे की मोती ओवले. डोळ्यांवर पडदा येऊन दिसेनासे जाहले, साठीही भरली, मग वैशाख शुद्ध द्वितीयेस दरबारी शाल मिळाली. दुसरे दिवशी अक्षय तृतीया. पंतांनी स्नान करून, सोवळे नेसून, घडा उकरिला आणि पत्नी उमाबाई यांजकडून मोजविला. सहाशे वीस रुपये भरले. देवाने शब्द राखिला, एक रुपया उणा नाही!

पंत संतोषाने बोलिले, "वर्षास तीस रुपये लागतात. वीस वर्षांची निश्चिंती जाहली. आता काशी!"

उमाबाई हळूच बोलिल्या, "अहो, तीस कोठून आणिलेत?"

"आपले लग्न जाहले त्या साली तीसच लागत."

"त्या साली रुपयास तीस शेर तांदूळ येई. काल मी सहा शेर आणिला."

शिव शिव! मग वही आणविली, उमाबाईंनी आकडे वाचिले आणि पंतांनी ऐकिले: तीस शेर, सत्तावीस, बावीस, पंधरा, दहा, सहा. सारे त्यांच्याच हातचे! तीनशे बहात्तर वेळा भाव लिहिला आणि एकदाही आपल्या घड्याशी ताडून पाहिला नाही. आता वर्षास दीडशे लागणार, म्हणजे चार वर्षांत घडा रिकामा.

"आणि आमच्या घराण्यात नव्वदीच्या आत कोणी मरत नाही!" पंत ओरडले.

"त्यास मी काय करू?" उमाबाई बोलिल्या आणि डोळ्यांस पदर लाविला.

इतक्यात लाडी तेलीण तेल घालावयास आली. ही विधवा, पंतांच्याच वयाची, आणि तिने आपली शिल्लक कधी पुरिली नाही. काही पैका दुसऱ्या घाण्यात घातला, काहीची नारळाची झाडे घेतली, काही पेढीवर व्याजी ठेविला आणि अडीअडचणीस थोडका हाती राखिला. आता पुतणे घाणे हाकतात आणि बाई हौसेने फिरते. सर्व ऐकून ती बोलिली, "पंत, रुपया पुरलात, पण भाव कोण पुरणार? तो तर बाहेर मोकळा हिंडतो आहे!"

पंत म्हणाले, "मग काशीस गेले त्या अकरा जणांचे कैसे भागले?"

"कसली काशी!" लाडीने तोंडावर हात घेतला. "हरबाजी चोपदार नदीपलीकडे धर्मशाळेत भांडी घासतात. तेल घालायला जाते ना मी. सारे तेथेच आहेत, बाई, कोणी पाणी भरतो, कोणी दळतो. चौघे तर वारले. बोलू नकोस म्हणोन माझ्याकडून बेलभंडार उचलवून शपथ घेतली होती, आज मोडिली. देव क्षमा करील."

हे ऐकून उमाबाईंच्या हातचे तेल सांडले, आणि ते कोणी पुसले नाही.

मग पंत तसेच दरबारी गेले आणि शाल राजांपुढे ठेविली. आजवर ऐसे कोणी केले नव्हते. प्रधान हसून बोलिले, "पंत, काठ मनास आला नाही काय? दुसरी काढवितो."

"शाल उत्तम आहे," पंत बोलिले, "परंतु शिजवून खाता येत नाही. महाराज, मला चाकरी परत द्यावी. आणि नदीपलीकडे पालख्या धाडाव्या." ऐसे म्हणोन सर्व सांगितले.

राजांस खरे वाटेना, मग पालख्या धाडिल्या, आणि तिसरे प्रहरी सात म्हातारे आले. अंगी गोणपाट, हातांस घट्टे. ज्यांची चरणधूळ लोक घरी ठेवीत, ते हे! राजे सिंहासनावरून उतरले आणि हरबाजींचा हात धरून बोलिले, "दोन कोस अंतर. इतकी वर्षे सांगितले का नाही?"

हरबाजी बोलिले, "महाराज, निघालो तेव्हां वेशीपर्यंत सारा गाव पाया पडत आला. पाया पडणाऱ्यापाशी भाकर कैसी मागावी?"

राजांनी तेथेच पाने मांडविली आणि पहिली भाकर स्वतः हरबाजींस वाढिली.

इतकी हकीकत. पुढे सातांस कोठीतून शिधा चालू जाहला, चौघांचे श्राद्ध राजे स्वतः करितात. अक्षय तृतीया अद्याप होते, परंतु त्या दिवशी पुरीत नाहीत. मोजितात, चालू भावाशी ताडितात आणि चार ठिकाणी कामास लावितात, आणि हे नव्या चाकरास पहिल्या पगारीच शिकवितात. केसोपंत अद्याप कोठीवर आहेत, उमाबाई आकडे वाचितात आणि लिहितात, ते ऐकून ताडितात. व्रत खोटे नव्हते, आमची समज तोकडी होती. थोरांस नमस्कार अवश्य करावा, परंतु जेवलात काय हे आधी विचारावे. लेखनसीमा.