भरमाण्णांची खिडकी

भरमाण्णा संडासाची शिफारस उपवर मुलीच्या मामासारखी करत. "दिसाय नीटस, पान्याला कमी, उलटून बोलनं न्हाय. एकदा घरात घ्या तर खरं!" लोक पोट धरून हसत आणि अण्णा खूश होऊन पुढचं दार गाठत.

ऐंशी सालाच्या आगेमागे निपाणी-संकेश्वर भागात परदेशी देणगीतून नळ आणि संडासांची योजना आली होती. मी तिचा कोवळा इंजिनिअर, अण्णा लोकांना राजी करणारे कार्यकर्ते. वय पन्नाशीपुढचं, हौस मात्र जत्रेतल्या पोराची. जीप चिखलात रुतली तरी म्हणायचे, "लई ब्येस! आता ढकलाय सारं गाव येतंय. आयतीच मीटिंग!"

संकेश्वरजवळच्या एका गावात मात्र घोडं अडलं. देणगीदारांची अट होती, आधी संडास वापरात आले पाहिजेत, मगच नळ. आणि तिथल्या बायका तर ओढ्यात झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या! आम्ही जोडसंडास बांधले, मध्ये एक भिंत. काही दिवसांनी जाऊन बघतो तर आत शेणी आणि तंबाखूची पोती!

मी भडकलो. अण्णा सरळ बायकांत जाऊन बसले. शेवंताक्का नावाची एक धीट सून म्हणाली, "अण्णा, घरात सासूम्होरं तोंड उघडाय येत न्हाय. सांजच्याला समद्या मिळून भाईर जातो, तवाच काय ते बोलनं हुतंय. तुमच्या खोलीत भिताडासंगं बोलू व्हय?"

अण्णा उडालेच. "घावलं रं, घावलं!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंडी आणून प्रत्येक मधल्या भिंतीत, बसल्यावर तोंडाशी येईल अशी, विटेएवढी खिडकी पाडली. माझ्या नकाशाचे बारा वाजले. पण आठवड्याभरात शेणी बाहेर आणि बायका आत! आतल्या गप्पा ऐकायला सासवा गरज नसतानाही रांगेत उभ्या राहू लागल्या.

तपासणीला देणगीदारांच्या गोऱ्या बाई आल्या. खिडकीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे काय? अण्णा ताठ मानेनं म्हणाले, "टेलिफोन हाय म्हनावं!" तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "कोन आलंय गं?" मी सगळं समजावून सांगितल्यावर बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नळ मंजूर झाला!

ही बातमी घेऊन मी धावतच वडगावला अण्णांच्या घरी गेलो. तिथं जाण्याची माझी पहिलीच वेळ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, हे गल्लीत घर विचारताना कळलं. बातमी ऐकून अण्णांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. मग ते चहा टाकायला आत गेले. स्टोव्हच्या आवाजावर आवाज चढवून सारखे काहीबाही विचारत राहिले. जेवलास का, पाऊस हाय का तिकडं, शेवंताक्का काय म्हनली. मी नळाच्या विचारात क्षणभर गप्प झालो.

अण्णा हातात चिमटा घेऊन लगबगीनं दारात आले.

"हायस न्हवं रं?"

"आहे की, अण्णा."

"मग बोल की. काय बी बोल."

मी बोलायला लागलो.