र्युसेल्सहाइमची वंशावळ

आमच्या बाबांना नवीन माणूस दिसला, की त्याचं मूळ गाव विचारल्याशिवाय घास उतरत नाही. साताऱ्यात हे खपून जायचं. इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी बेकरीतल्या बाईंच्या गणवेशावरची पाटी वाचली आणि विचारलं, "म्युलर म्हणजे नेमके कुठले म्युलर?" मागे रांग खोळंबली होती. मी पावांकडे बघत राहिले.

आई गेल्यावर मी, त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांना इकडे घेऊन आले. त्यांचं जर्मन म्हणजे आजोबा, काका, आत्या हे नात्यांचे शब्द आणि अधूनमधून एक ठणठणीत 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. तेवढ्यावर त्यांनी आमच्या गल्लीचा इतिहास लिहायला घेतला! गल्ली मोटार कारखान्याच्या जुन्या कामगारांची. कोणाचे आजोबा रंगखात्यात होते आणि कोणाचे फौंड्रीत, हे बाबांना तोंडपाठ. दर मंगळवारी टोपी घालून ते शहराच्या दफ्तरखान्यात जातात. तिथल्या बाईंना त्यांनी 'तलाठीणबाई' करून टाकलंय. बाईंनी एकदा त्यांना डाटेनशुट्झ, म्हणजे खासगी माहिती जपण्याचा कायदा, वाचून दाखवला. बाबांनी शांतपणे ऐकलं. "गेनाऊ. बरं, तुमचं माहेर कुठलं?" पुढच्या मंगळवारी बाई स्वतःच्या पणजोबांचा फोटो घेऊन हजर.

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ वेबर पंचाऐंशीच्या, एकट्या. घर सोडून वृद्धाश्रमात निघाल्या होत्या. तिथल्या खोलीत लावायला त्यांना आपलं अख्खं घराणं एका कागदावर हवं होतं. बाबांनी दोन महिने खपून सहा पिढ्या उभ्या केल्या आणि रविवारी कॉफीच्या वेळी कागद थाटात उलगडला.

फ्राऊ वेबर बोट फिरवत खाली आल्या आणि वडिलांच्या नावाशी थबकल्या. खाली देवनागरीत एकच शब्द होता. "हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. 'निर्वंश.' बाबांनी आपल्याकडच्या पद्धतीने काम केलं होतं. मुलगे तेवढे मांडायचे, मुलगा नसेल तिथे हा शब्द. मी चाचरत म्हणाले, "म्हणजे... वंश इथे संपला."

"संपला?" बाई खो खो हसल्या. "आल्झो, मग हा केक कोण खातंय?"

आम्हीही हसलो. मग त्यांनी चष्मा काढला. "मला नाही घेणार यात?"

बाबांचे कान लाल झाले. "चुकलं माझं," म्हणाले आणि कागद गुंडाळून वर आले.

नव्या वंशावळीत सगळ्या लेकी आल्या, आत्या आल्या, मावश्या आल्या. कागद इतका रुंद झाला, की वृद्धाश्रमाच्या भिंतीवर मावेना. शेवटी कोपऱ्यात दुमडून दोन भिंतींवर लावला. फ्राऊ वेबर येईल त्या नर्सला आपलं नाव दाखवत होत्या.

तिथून आल्यावर मी बाबांचं टेबल आवरायला घेतलं. वर आमच्याच घराण्याची वंशावळ पडली होती, मोठ्या काकांच्या हातची. बाबांनी ती मला कधीच दाखवली नव्हती. त्यांच्या नावाखाली तोच शब्द होता, आणि त्यावर ताज्या शाईची जाड रेघ. शेजारी आईचं नाव. खाली माझं.

बाबा दारात उभे होते.

"दादाने हे लिहिलं तेव्हा तू दहावीत होतीस," ते म्हणाले. "त्याला चहा तूच आणून दिलास. आणि मी गप्प बसलो गं."