तीन फटफट्या आणि दोन बाह्या

“एक ठेवा. बाकीच्या दोन घालवा. कुठली ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा,” चहाचा कप टेबलावर आदळत बाई म्हणाल्या.

सरांनी मान डोलावली. बाईंचं चुकत नव्हतं. त्यांना शिवणाचा क्लास काढायचा होता आणि गॅरेज सरांच्या तीन जुन्या मोटरसायकलींनी अडवलेलं होतं. शिलाई मशीन सध्या पलंगाशेजारी होतं. मध्यंतरी सर कूस बदलायला गेले तेव्हा टाचणीने त्यांना थेट उठवूनच बसवलं होतं.

खरं सांगायचं तर सरांना तिन्हींतली एकही नको होती. भूमिती शिकवता शिकवता त्यांची पाठ गेली होती, आणि निवृत्तीनंतर गाड्या दुरुस्त करू म्हणता म्हणता हौसही गेली. पण हे बोलायचं कसं? गावभर त्यांची ओळख ‘फटफटीवाले सर’ अशी. इतकी वर्षं ज्या गाड्यांसाठी घरात भांडले, त्या नकोत म्हणणं म्हणजे जुनी सगळी भांडणं एकदम हरण्यासारखं होतं. तेव्हा जिचं काम सगळ्यांत कमी, ती ठेवू आणि गप्प बसू, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.

तेवढ्यात बाईंचा धाकटा भाऊ आला. हा बँकेतून निवृत्त झालेला. आयुष्यात स्कूटरपलीकडे गेला नव्हता. पण हल्ली जेवतानासुद्धा मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचा.

“दाजी, यात विचार कसला? जी दुर्मिळ, ती ठेवायची. ही हिरवी. अशा फार थोड्या निघाल्या. इंजिन आणि चेसिस दोन्हींचे नंबर मूळचे. सोनं आहे सोनं!”

“अरे, तिचं इंजिन चार खोक्यांत आहे,” सर म्हणाले.

“मग जोडायचं! मजा त्यातच आहे.”

सरांच्या पाठीतून एक कळ गेली. त्यांनी मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक आला, हिरवीकडे बघून त्याने नुसताच सुस्कारा सोडला.

“सर, शोकेसमध्ये ठेवायची असेल तर ठेवा. ज्या गाडीचे पार्ट मिळतात तीच गाडी. ही काळी बघा. वॉशरपासून पिस्टनपर्यंत सगळं आजही मिळतं.”

“काळी म्हणजे नुसती म्हैस आहे,” मेहुणा म्हणाला. “गल्लोगल्ली दिसते.”

“गल्लोगल्ली दिसते म्हणूनच पार्ट मिळतात ना, साहेब!”

दोघांची जुंपली. सर हिरवीच्या एका खोक्यावर बसून राहिले. वर्गात दोन पोरं भांडत असली की एकाला बाहेर काढता यायचं. इथे ती सोय नव्हती.

क्लासचं टेबल कुठे मावेल ते बघायला बाई टेप आणि बेतलेल्या कापडांची थप्पी घेऊन गॅरेजमध्ये आल्या. दोघांचं ऐकून त्या म्हणाल्या, “जी चालू होते ती ठेवा. चालत नाही ती गाडी कसली? ती अडगळ.”

मेहुण्याने बाह्या सरसावल्या. हिरवीचा प्रश्नच नव्हता. काळीला त्याने किक मारली, तिने उलटी मारली. नडगी चोळत तो तांबडीकडे वळला. तिला दोन सायलेन्सर, आणि कित्येक वर्षांत तिने तोंड उघडलं नव्हतं. मेकॅनिकने टाकीत पेट्रोल आणि ऑइल घातलं. मेहुण्याने किक मारली आणि तांबडी पहिल्याच दणक्यात पेटली.

पेटली ती थांबेचना. अॅक्सिलरेटरची केबल अडकली होती, चावी फिरवून उपयोग नव्हता, आणि दोन्ही सायलेन्सरमधून इतक्या वर्षांचा धूर निघत होता. बाई दिसेनाशा झाल्या. फक्त त्यांचा खोकला ऐकू येत होता.

“बंद करा! बंद करा!” मेकॅनिक ओरडला. “सायलेन्सर दाबा!”

मेहुण्याने हाताला लागलं ते कापड एका सायलेन्सरमध्ये कोंबलं. तांबडी दुसऱ्यातून दुप्पट धूर सोडू लागली. त्याने आणखी एक कापड ओढून तिथे कोंबलं. गाडी गुदमरली, थरथरली, आणि बंद पडता पडता तिने दोन्ही बोळे समोरच्या भिंतीवर थुंकले.

धूर विरला तेव्हा बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. हातात दोन काळ्याकुट्ट चिंध्या.

“या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या बाह्या आहेत,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. “दोन्ही.”

“ताई, दोन सायलेन्सर होते गं,” मेहुणा म्हणाला.

“पण चालू झाली बरं का, सर!” मेकॅनिक म्हणाला. “आता जरा अवघड झालं. तिन्ही ठेवण्यासारख्या निघाल्या.”

सर खोक्यावरून उठले. “मला एकही नको,” ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं.

“आधी का नाही बोललात?”

“तुम्ही कोणी विचारलंच नाही. सगळे ‘कुठली’ एवढंच विचारत होता.”

मेकॅनिकने आढेवेढे घेतले नाहीत. संध्याकाळच्या आत टेम्पो आणून खोक्यांसकट तिन्ही गाड्या गिऱ्हाईक शोधायला घेऊन गेला. मेहुणा रागावून न जेवताच घरी गेला. रिकाम्या गॅरेजमध्ये सर खुर्ची टाकून बसले. बाईंनी तिथेच चहा आणून दिला आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या. सरांची पाठसुद्धा दुखत नव्हती.

हे सुख रविवारपर्यंत टिकलं. रविवारी दारात टेम्पो थांबला आणि मेहुणा उडी मारून उतरला.

“परक्याच्या हाती जाऊ दिल्या नाहीत, दाजी! तिन्ही मीच घेतल्या. पण आमचा तिसरा मजला. तेव्हा जरा थोडे दिवस...”

सरांनी मोठ्या आशेने बाईंकडे बघितलं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“माझा भाऊ आहे हो,” त्या म्हणाल्या. “त्याला कसं नाही म्हणू?”

गाड्या उतरल्या. खोकी उतरली. मेहुण्याने हात झटकले आणि समाधानाने तिन्हींकडे बघितलं.

“आता दर रविवारी येतो. आपण दोघं मिळून करू. फक्त सुरुवात कुठलीपासून करायची तेवढं ठरवा, दाजी.”

सर आत गेले आणि जुना शर्ट घालून बाहेर आले.