आंब्याच्या वासाचा इन्हेलर

"सिगारेट? सोडली! एका दिवसात सोडली, आणि तीही चाळीस वर्षांची!"

राजारामकाका पांढरीपांडे त्या दिवाळीत भेटेल त्याला हे ऐकवत होते. देसी ग्रोसरीत भेंडी निवडणाऱ्याला ऐकवलं, मंडळाच्या फराळाच्या रांगेत पुढच्याला आणि मागच्याला ऐकवलं, अंगणातली पानं गोळा करायला येणाऱ्या माणसाला तर इंग्रजीत दोनदा ऐकवलं. ऐकणारा "वा!" म्हणायचा. मग काका छाती पुढे काढायचे. छाती पुढे काढली की खोकला यायचा, त्यामुळे भाषण तिथेच संपायचं.

काका मूळ नागपूरचे. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला येऊन पस्तीस वर्षं झाली. सगळी नोकरी एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली, आणि काम काय, तर गाड्यांच्या नळीतून निघणारा धूर मोजायचा! दिवसभर लोकांच्या गाड्यांचा धूर मोजायचा आणि जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये उभं राहून स्वतःचा सोडायचा. तो मात्र कुणी मोजला नाही. मोजला तो रिटायर झाल्यावर, फुप्फुसाच्या डॉक्टरांनी. सीओपीडी निघाला. फुप्फुसं जुन्या मोज्यांच्या इलॅस्टिकसारखी सैल झालेली. हवा आत जाते, बाहेर यायचं नाव घेत नाही.

घरात चौदा पायऱ्यांचा जिना. आठव्या पायरीवर काकांचा दम संपायचा. शेवटी खालच्या फॅमिली रूममधल्या सोफ्याचा पलंग केला आणि काका तिथेच झोपू लागले. शोभाकाकू वर. रोज झोपायच्या आधी काकू वरून फोन करायच्या, "श्वासाचा पंप घेतलात का? पांघरूण आहे ना?" एकाच घरात राहून नवरा-बायकोनं एकमेकांना फोन करायचा! काकांना त्याची फार लाज वाटायची. आणि एखाद्या दिवशी फोन उशिरा आला तर त्याहून वाईट वाटायचं.

म्हणून ऑक्टोबरमध्ये फुप्फुसाचे डॉक्टर केलर जेव्हा म्हणाले, "मिस्टर पी, तुमच्या फुप्फुसात छोट्या झडपा बसवता येतील, जिना चढायला लागाल," तेव्हा काका खुर्चीतून उठलेच! व्हॉल्व्ह! इंजिनाला बसवतात तसे! आयुष्यात पहिल्यांदा कुठलीतरी डॉक्टरी गोष्ट त्यांना पूर्ण कळली होती.

"एकच अट," डॉक्टर म्हणाले. "चार महिने स्मोकिंग पूर्ण बंद. फेब्रुवारीत तपासणी करू. तुम्ही क्लीन असाल, तरच तारीख."

घरी आल्याबरोबर काकांनी पाकीट कचऱ्यात टाकलं. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी गॅस स्टेशनवर पेट्रोल भरून आत गेले, तर काउंटरमागे रंगीबेरंगी व्हेप मांडलेले. बोटाएवढी निळी कांडी, आत बॅटरी, तोंडाशी धरून ओढायची. वास आंब्याचा! काकांमधला इंजिनियर जागा झाला. धूर कशानं होतो? ज्वलनानं. यात जळतं काय? काहीच नाही! ज्वलन नाही तर धूर नाही, धूर नाही तर स्मोकिंग नाही. अट पाळली की!

डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण विचारलं तर डॉक्टर उत्तर देतील, ही भीती होती. शोभाकाकूंना तर सांगायचा प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षं त्या सिगारेटशी भांडल्या होत्या, त्यांना ज्वलन वगैरे समजावणार कोण?

तीन आठवडे गॅरेजमध्ये सुखात गेले. मग एके सकाळी काकू धुण्याच्या मशीनपाशी उभ्या, एका हातात काकांचा गाऊन, दुसऱ्या हातात निळी कांडी.

"अहो, हे काय?"

काकांचं तोंड आपोआप चाललं. "इन्हेलर. नवीन आहे."

"मला कसं माहीत नाही?"

"केलरनं दिला ना! तू तेव्हा पार्किंगचं बघत होतीस."

"आणि औषध असं गाऊनच्या खिशात ठेवतात? मशीनमध्ये गेलं असतं म्हणजे?"

झालं! शोभाकाकूंच्या घरात औषधाला शिस्त असते. डायनिंग टेबलावर स्टीलचा ट्रे, त्यात सकाळचा पंप, संध्याकाळचा पंप, गोळ्यांचा डबा. त्या ट्रेमध्ये निळ्या कांडीची स्थापना झाली. वर पांढरी चिकटपट्टी, आणि पट्टीवर काकूंच्या वळणदार अक्षरात : "सकाळ-संध्याकाळ, खाल्ल्यावर."

"किती ओढायचे?" काकूंनी विचारलं.

"मनाला येईल तेवढे," काका बोलून गेले.

"असं कुठं औषध असतं? दोन! आणि दहा सेकंद श्वास धरायचा, बाकीच्या पंपांचं सांगितलंय तसं."

आता सुरू झाले काकांचे हाल. काकू समोर घड्याळ घेऊन उभ्या. "ओढा. धरा. सहा... सात... अहो, सोडू नका!" डोळ्यांत पाणी यायचं, तोंडातून आंब्याचा ढग निघायचा, आणि लगेच बेसिनपाशी नेऊन खळखळून चूळ. चाळीस वर्षांत ओढण्याची इतकी दशा कधी झाली नव्हती! आणि एवढं करून तलफ भागली नाही, तर गॅरेजमध्ये जायची सोय संपलेली, कारण कांडी ट्रेमध्ये.

तरी निभलं असतं. पण जानेवारीत काकूंना सर्दी झाली. मिशिगनची सर्दी, चोंदलेलं नाक, जड डोकं. चौथ्या दिवशी त्यांची नजर ट्रेकडे गेली.

"मी घेऊन बघू का हो एक?"

"नको!" काका ओरडलेच. "दुसऱ्याचं औषध घेऊ नये!"

"नायगाराला तुम्ही माझी बीपीची गोळी घेतली होतीत, ती कोणाची होती?"

यावर खरं उत्तर एकच होतं, आणि ते सांगितलं असतं तर झडपा, जिना आणि संसार तिन्हींचं काही खरं नव्हतं. काकूंनी स्पिरिटच्या बोळ्यानं तोंड पुसलं, कांडीचं, आणि ओढली. खोकल्या. डोकं गरगरलं म्हणून खुर्चीत बसल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "अगंबाई! डोकं कसं मोकळं झालं! औषध असावं तर असं!"

काका त्या दिवशी जेवले नाहीत. शोभाला सांगून टाकू, असं त्यांनी नऊ वेळा ठरवलं. पण ती बरी दिसत होती. गुणगुणत होती. उद्या सांगू, म्हणाले.

उद्या हळदीकुंकू होतं.

काका फॅमिली रूममध्ये टीव्हीचा आवाज बंद करून बसले होते. दारातून त्यांना दिसलं, शोभाकाकू ट्रे घेऊन निघाल्यात. तिळगूळ, अत्तरदाणी, वाणाचे डबे, आणि कडेला स्पिरिटचे बोळे नि निळी कांडी! समोर नीना, शेजारच्या गल्लीतली, आयटीवाली, सायनसनं कायमची बेजार.

"घे गं नीना, एकच ओढ. ह्यांच्या डॉक्टरनं दिलाय."

"चालेल ना पण, शोभाताई? प्रिस्क्रिप्शन वगैरे?"

"वाफच तर आहे गं! मी कालपासून घेतेय."

नीनानं ओढली. मग तिच्या मागच्या दोघींनी ओढली. नऊवारी आणि काठपदराच्या पैठण्यांवरून आंब्याचा ढग तरंगत फॅमिली रूमपर्यंत आला. काकांनी डोळे मिटून घेतले.

"भाऊजी!" नीनानं दारातून हाक मारली. "मस्त आहे हे! मलाही एक मिळेल का तुमच्या इन्शुरन्सवर?"

"न... नाही. फार कडक नियम आहेत."

"मग रोज इकडेच येत जा," काकू म्हणाल्या. आणि नीना येऊ लागली. रोज दुपारी चार वाजता, चहाला. चहा, खारी आणि आंबा. कांडी संपली की काका "फार्मसीत जाऊन येतो" म्हणायचे आणि गॅस स्टेशनवर जायचे. दोघीजणी त्यांना दारापर्यंत सोडायला यायच्या. एवढी काळजी त्यांची कधी कोणी केली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी तपासणीचा दिवस आला. काकूंनी जरीची साडी नेसली, का तर आज तारीख मिळणार. फाइल काखेत, औषधांची पिशवी हातात. फुंकर मारायची चाचणी झाली. डॉक्टर केलर हसत आत आले.

"मिस्टर पी, चार महिने! अभिनंदन! आता फक्त निकोटीनची एक टेस्ट, फॉर्मॅलिटी. मिसेस पी, सध्या औषधं कुठली चालू आहेत?"

निकोटीन काकांनी धरलंच नव्हतं. आजपर्यंत त्यांनी सगळा हिशोब धुराचा केला होता. धुराची टेस्ट झाली असती तर ते पहिले आले असते!

काकू एकेक औषध टेबलावर मांडत होत्या. "हा सकाळचा. हा संध्याकाळचा. ह्या गोळ्या. आणि हा मँगो."

डॉक्टरांनी निळी कांडी उचलली. चिकटपट्टीवरचं मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, पण पट्टीच्या खाली छापलेलं बारीक इंग्रजी येत होतं.

"मिसेस पी, हे तुम्हाला कोणी दिलं?"

"तुम्हीच की!" काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. मग काकूंनी काकांकडे पाहिलं. नर्ससुद्धा टायपिंग थांबवून काकांकडे पाहू लागली.

"डॉक्टर, ज्वलन झालं नाही तर..." काकांनी सुरुवात केली. दोन वाक्यांतच इंजिनियरिंग संपलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. गॅरेज, गाऊन, गॅस स्टेशन, सगळं.

डॉक्टर रागावले नाहीत, तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाले, "मिस्टर पी, हा व्हेप आहे. यात पाच टक्के निकोटीन आहे. तुमच्या फुप्फुसांना हेही नको आहे. सिगारेट सोडायला त्रास होत होता तर मला सांगायचं होतं, त्यासाठी औषधं आहेत. आता चार महिने पुन्हा पहिल्यापासून." आणि मग सवयीनं विचारलं, "घरात आणखी कोणी वापरतं का हे?"

शोभाकाकूंचा हात हळूच वर गेला. "मी. आधी दिवसातून एकदाच घेत होते. आता... पाच-सहा वेळा होतं. चारला नाही घेतलं तर डोकं दुखतं."

नर्सनं दुसरा फॉर्म काढला.

गाडी काकू चालवत होत्या. चौथ्या सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाल्या, "तीन महिने मी माझ्या हातानं तुम्हाला ते देत होते. मोजून."

"चुकलो, शोभा."

"वरच्या खोलीत तुमच्यासाठी नवीन गादी आणून ठेवलीय. कठीण, तुम्हाला लागते तशी."

सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला, आणि काकूंनी गाडी काढली. घरी पोचेपर्यंत काका खिडकीतून बर्फ बघत राहिले आणि मनातल्या मनात स्वतःला नागपुरी शिव्या देत राहिले.

या वेळी मात्र त्यांनी खरंच सोडली. डॉक्टरांनी दोघांनाही दंडावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या दिल्या, दर शुक्रवारी फोनवर हॉस्पिटलची जेसिका चौकशी करायची. पहिला महिना भयंकर गेला. काका भिंतीशी भांडले, टीव्हीशी भांडले, अंगण साफ करणाऱ्याशी तर विनाकारण भांडले. पण टिकले. पट्ट्या लहान लहान होत गेल्या नि संपल्या. आणि सुधारलेल्या माणसाला जो आजार होतो तो त्यांना झाला : ते उपदेश करू लागले. "शोभा, आता या घरात लपवाछपवी बंद! जे काय असेल ते तोंडावर! खोटं बोलायला फुप्फुस लागत नाही, पण निस्तरायला लागतं!" काकू मान हलवायच्या आणि नीनाबरोबर फिरायला जायच्या. दोघींनी चालणं फार मनावर घेतलं होतं.

जूनच्या शेवटी दोघांच्याही टेस्ट झाल्या. शुक्रवारी जेसिकाचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"मिस्टर पी, काँग्रॅच्युलेशन्स! क्लीन! चौदा जुलै, सकाळी सात वाजता या!"

"शोभा! ऐकलंस का? झडपा!" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी पदरानं नाक पुसलं, देवाला हात जोडले.

"मिसेस पी आहेत का तिथे?" जेसिकानं विचारलं. "त्यांचा रिपोर्ट..."

"मी आत जाऊन घेते फोन," काकू घाईनं म्हणाल्या.

"काऊन आत? राहू दे स्पीकर! आपल्यात काय लपवायचंय?" काका म्हणाले. "टेल, जेसिका, टेल!"

"मिसेस पी, परमिशन आहे?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका तोंडभर हसत होते. "येस," काकू अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"तुमचा पॉझिटिव्ह आहे. आणि लेव्हल मागच्या वेळेपेक्षा जास्त आहे."

फोन ठेवल्यावर काकूंनी हळूच पर्स उघडली आणि टेबलावर एक गुलाबी कांडी ठेवली.

"लिची आहे," त्या म्हणाल्या. "नीना नि मी मिळून वापरतो. पार्कात."

राजारामकाका ताडकन उठले. फसवणूक! विश्वासघात! तेही चार महिने! त्यांनी बोट उगारलं, तोंड उघडलं, चाळीस वर्षांत काकूंकडून ऐकलेलं सगळं आता काकूंनाच ऐकवायचं होतं.

"ओरडू नका, दम लागेल," काकू म्हणाल्या.

दम लागलाच होता. काका बोट तसंच वर ठेवून खाली बसले, आणि काकूंनी ट्रेमधला पंप उचलून, नीट हलवून, त्यांच्या तोंडाशी धरला.