पोटाला पास होणारी गाडी

निवृत्तीनाना गाडी बघायला निघाले की आधी मला मिसळ खायला घालायचे. साधीसुधी नाही, चांगली तर्रीवाली, सोबत जादा पाव आणि वर ग्लासभर ताक. मी पुरे म्हटलं तरी ते हॉटेलवाल्याला हात करायचे, "भाऊंना अजून रस्सा वाढ रं!" मग मला शोरूममध्ये न्यायचं, टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत अगदी शेवटच्या सीटवर बसवायचं, आणि स्वतः पुढे सेल्समनशेजारी बसून मान मागे वळवून विचारायचं, "कसं वाटतंय?"

मला वाटायचं, ते माझं मत विचारतायत. मी आपला गंभीर चेहऱ्याने सांगायचो, सीट जरा कडक आहे, पाय अवघडतात, एसी बरा आहे. नानांना त्यात काडीचा रस नसे. "सीटचं ऱ्हाऊ द्या वो. तुमाला सोताला कसं वाटतंय?"

नाना मूळचे मोशीचेच. आज आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या घरची ज्वारी व्हायची. सोसायटीच्या भिंतीला लागूनच त्यांचा बंगला आहे. जमिनी गेल्या तेव्हा भावकीतल्या प्रत्येकाच्या दारात ट्रकाएवढी गाडी आली, पण नानांच्या दारात अजून जुनी मोटारसायकलच. लोक म्हणायचे, म्हातारा चिकट आहे. चिकट माणूस दुसऱ्याला दर खेपेला मिसळ खायला घालत नाही, एवढं मला कळत होतं. पण गाडी का घेत नाही, ते मात्र कळत नव्हतं.

चाकणच्या एका कंपनीत नाना क्वालिटीला आहेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटं पोलादी गेज असतं. ते भोकात गेलं तर माल पास, अडकलं तर रिजेक्ट, असा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. सुटीच्या दिवशीही हात गप्प बसत नाहीत. आमच्या लिफ्टच्या दाराच्या फटीत त्यांनी ते घालून पाहिलं आहे, आणि पुतणीच्या लग्नात तर मांडवाच्या खांबाच्या नटालाही लावून पाहिलं आहे. "माणसाच्या नजरंवर जायचं न्हाई, भाऊ," ते म्हणतात. "नजर आपल्या मनासारखं बघती. गेजला मन नसतंय."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मला गाडी लागते. लोणावळ्याला सोसायटीची सहल निघाली होती, तेव्हा बस देहूरोडला पोचायच्या आत मी खिडकीबाहेर होतो. नाना पाहुणे म्हणून त्या सहलीला आले होते. तेव्हापासून त्यांचा माझ्याशी घरोबा एकदम वाढला. माझ्या स्वभावामुळे वाढला, अशी माझी समजूत होती.

नानांच्या मनात भरलेली गाडी एकच, एक सात सीटची पांढरी एसयूव्ही. तिच्या वेगवेगळ्या मॉडेलांतून आम्ही इतके हिंडलो की शोरूममधली जुनी मंडळी आम्हाला पाहून जेवायला निघून जायची. मग एखादा नवा पोरगेला सेल्समन तावडीत सापडे.

"सर, यात सनरूफ आहे."

"त्यातून मागच्याला वारं लागतंय का?"

"सर, ते आकाश बघायला असतं."

"आकाश आमच्याकडं बाहेर हाय. चला, तळेगावच्या रस्त्याला घ्या. आन् खड्डा चुकवायचा न्हाई."

त्या रस्त्यावर पुढे कंटेनर, मागे कंटेनर. गाडी चालायची, अडायची, पुन्हा उडी मारायची. थोड्या वेळात माझ्या पोटातली मिसळ जागी व्हायची आणि मी ओरडायचो, "थांबवा, थांबवा!" नाना खिशातून लिंबू आणि प्लॅस्टिकची पिशवी काढून तत्परतेने माझ्या हातात द्यायचे. किती काळजी करतात, असं मला वाटायचं. मग ते पुढे तोंड करून हळूच म्हणायचे, "रिजेक्ट."

उलगडा केला तो यमुनाकाकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. नाना कंपनीत होते. चहा ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "लई तरास देत्यात ना तुमाला हे?"

"त्रास कसला? आवड आहे त्यांना गाड्यांची."

"कसली आवड! मला गाडी लागती म्हणून हाय ते सगळं."

काकूंचं माहेर घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. रस्ता सगळा वळणावळणांचा. एसटी म्हणू नका, जीप म्हणू नका, काकूंना सगळंच लागतं. म्हणून नाना त्यांना मोटारसायकलवरून न्यायचे. उघड्यावर काही होत नसे. पुढे काकूंच्या मणक्याचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी दुचाकी बंद केली, आणि माहेर तुटलं. तिकडे आई थकलेली, आणि तिलाही लेकीसारखीच गाडी लागते, त्यामुळे तीही खाली येऊ शकत नाही.

"व्हिडिओ कॉल करून देत्यात भाचे. पण तिला ऐकू येत न्हाई आन् मला तिचं नुसतं कपाळ दिसतंय," काकू म्हणाल्या. "यांचं पोट पडलं लोखंडाचं. यांना कशातच काय होत न्हाई. म्हणून तुमचं धरलंय."

म्हणजे मी सल्लागार नव्हतो, गेज होतो. मला राग आला. पण काकूंचा चहा संपेपर्यंत तो बराच उतरलाही.

पुढच्या खेपेला मी मिसळीच्या टेबलावरच नानांना गाठलं. "काकूंनाच एकदा बसवून बघा की. माझे हाल कशाला?"

नानांनी हातातला पाव मोडला. "तिला बसवून बघायचं म्हंजी तिचे हाल बघायचे. जीपमधनं उतरून कडंला बसायची, तोंडाला पदर लावून. आन् वर सगळ्यांची माफी मागायची, माझ्यामुळं खोळंबा झाला म्हणून. मला न्हाई बघवत, भाऊ. जी गाडी लागणार न्हाई, तीच तिला दाखवायची."

"बरं, मग मला शेवटच्या सीटवर का बसवता?"

"बायका मागंच बसत्यात की," नाना म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

त्या दिवशी मी मनावर घेतलं. तोंडात लवंग धरली, डोळे मिटले, मनातल्या मनात रामरक्षा म्हटली. ही गाडी पास करायचीच. महाळुंग्यापर्यंत तग धरला आणि तिथे अवसान गळालं. नानांनी लिंबू दिलं, पण या वेळी ते रिजेक्ट म्हणाले नाहीत. घरी आलो तेव्हा दारात काकू उभ्या होत्या.

"नाद सोडला म्या," नाना म्हणाले. "आपल्याला गाडी न्हाई व्हायची."

काकूंनी आधी माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "मला कदी इचारलं का तुमी? घ्या ती गाडी. ओकत ओकत जाईन, पण जाईन. आई काय इचारणार हाय व्हय, किती जागी थांबला म्हणून?"

नानांनी दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. गाडी बुक झाली.

निघायच्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मी निरोप द्यायला गेलो होतो. नानांनी सवयीने मागचं दार उघडलं, "बसा भाऊ," म्हणाले, आणि मीही सवयीने शेवटच्या सीटवर जाऊन बसलो. मग मधल्या सीटवर आणि माझ्या शेजारी सामान रचलं गेलं: काकूंच्या आईसाठी घेतलेली गादी, लुगडी, फरसाणाचे डबे आणि नवा कुकर. काकूंना मागे जागाच उरली नाही.

"म्होरं? मी कदी बसले न्हाई म्होरं," काकू लाजून म्हणाल्या.

"बस आता तेवढ्यापुरती," नाना म्हणाले.

मंचरपर्यंत नानांनी गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे जात होते. घोडेगाव मागे पडलं आणि वळणं सुरू झाली. नानांची मान आता मागे वळत नव्हती, डावीकडे वळत होती.

"कसं वाटतंय?"

"बरं हाय."

पुढच्या वळणावर पुन्हा, "कसं वाटतंय?"

"अवो, बरं हाय म्हणलं ना! रस्ता दिसतोय सगळा. मला आजवर म्होरच्याची पाठच दिसायची."

मला मात्र मागे रस्ता दिसत नव्हता, कुकर दिसत होता. धरणाचं पाणी दिसायला लागलं त्या वळणावर मी ओरडलो, "थांबवा!"

मी रस्त्याच्या कडेला वाकलो होतो. नाना मागोमाग उतरले, एका हाताने लिंबू पुढे केलं, दुसऱ्या हाताने माझी पाठ चोळू लागले. पाठ चोळता चोळता हात थांबला. मी मान वर करून पाहिलं. नाना माझ्याकडे बघतच नव्हते. गाडीची पुढची काच खाली होती, काकू बाहेर हात काढून बसल्या होत्या, आणि पाण्यापलीकडच्या डोंगराकडे बोट करून काहीतरी आपल्याशीच बोलत होत्या. बहुधा गावं ओळखत असाव्यात.

"तिला न्हाई लागली, भाऊ," नाना म्हणाले.

मी तोंड पुसलं. "आणि मला लागली त्याचं काय?"

"तुमचं ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले, आणि डोळ्यांना रुमाल लावून गाडीकडे गेले.